नाव छत्रीचं, गोत्र मोथ्याचं



गेल्या दोन व्याख्यानांत आपण 'एखादी वस्तू ओळखणं म्हणजे नेमकं काय' या प्रश्नाभोवती फिरत होतो. शेवटी एका श्रोत्यांची चिठ्ठी आली. त्यांनी लिहिलं होतं, 'सर, तुमची उदाहरणं नेहमी घट आणि पट यांचीच का? घरातलं काहीतरी घ्या.' त्यांचं म्हणणं रास्त आहे. म्हणून आज आम्ही घरातलंच घेऊन आलो आहोत. टेबलावर ही कुंडी दिसते आहे ना? म्हणजे घट आहेच, सुटका नाही. (हशा) पण आज त्यातल्या रोपाबद्दल बोलायचं आहे.

हे रोप तुम्ही पाहिलेलं असणार. बँकांच्या दाराशी, हॉटेलातल्या कारंज्याशेजारी, सोसायटीच्या बागेतल्या हौदात ते असतं. जमिनीतून सरळ वर जाणारे हिरवे दांडे, आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला छत्रीच्या काड्यांसारखी गोलाकार पसरलेली हिरवी पाती. नर्सरीत याला 'अंब्रेला पाम' म्हणतात. निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात आम्ही ते विकत आणलं. तोवर चाळीस वर्षं घरात पुस्तकांखेरीज काही वाढवलं नव्हतं.

ते पहिलं रोप आम्ही मारलं. कसं मारलं ते सांगतो, कारण आजचा सगळा विषय त्यात आहे.

आमच्या भाच्याने मोठ्या आपुलकीने इंटरनेटवरची माहिती छापून दिली. 'अंब्रेला प्लांट'ची निगा. त्यात लिहिलं होतं की वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालू नये, घरातली बहुतेक झाडं जास्त पाण्याने मरतात. आम्ही आज्ञाधारक विद्यार्थी. बोट मातीत खुपसून बघायचं, ओल लागली की पाणी नाही. दहा-बारा दिवसांत पात्यांची टोकं तपकिरी झाली. कागदावर पाहिलं तर तपकिरी टोकं हेही जास्त पाण्याचं एक चिन्ह म्हणून दिलेलं. मग आम्ही पाणी आणखी कमी केलं! महिनाभरात छत्र्या वाळून खाली झुकल्या.

आमच्या घरच्या मंडळी इतके दिवस गप्प होत्या. त्यांचं माहेर नदीकाठचं. त्या दिवशी त्यांनी एक वाळका दांडा उपटला, दोन बोटांत फिरवला, टोकापाशी चाचपला आणि म्हणाल्या, "अहो, हा लव्हाळ्याच्या घरातला आहे. लव्हाळ्याला कधी कोणी पाणी कमी घालतं का?"

झालं. डॉक्टरेट आमची, आणि निदान त्यांचं.

नंतर कळलं की भाच्याने दिलेला कागद खोटा नव्हता. तो शेफलेरा नावाच्या झुडपाबद्दल होता. त्याची पानंही छत्रीसारखी पसरतात, म्हणून इंग्रजी बोलण्यात तेही 'अंब्रेला प्लांट'. त्याची मुळं सतत ओली राहिली तर कुजतात, म्हणून त्याच्यासाठी तो सल्ला अगदी बरोबर आहे. म्हणजे नाव एक आणि वस्तू दोन. आणि दोघांच्या गरजा एकमेकींच्या बरोबर उलट. नर्सरीवाल्याने जोडलेला 'पाम' हा शब्द आणखी वेगळीकडे नेणारा. पाम म्हणजे ताड, माड, सुपारी यांचं कुळ. या रोपाचा त्या कुळाशी काही संबंध नाही. हे मोथ्याच्या कुळातलं आहे, ज्याला वनस्पतिशास्त्रात सायपेरेसी म्हणतात. शेतकऱ्याला नको असलेला आणि दिवाळीच्या उटण्यात हवा असलेला नागरमोथा याच्या अगदी जवळचा, एकाच प्रजातीतला. दोघांचंही पहिलं नाव 'सायपरस'. ज्या पपायरसपासून प्राचीन इजिप्तमध्ये लिहायचे पट्टे करत आणि ज्याच्यावरून 'पेपर' हा शब्द आला, तोही सायपरसच.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. मंडळींनी दांडा बोटांत फिरवून काय पाहिलं?

न्यायशास्त्रात लक्षणाची व्याख्या तुम्हाला आठवत असेल: असाधारण धर्म. जो गुण त्या वर्गातल्या सगळ्यांत आहे आणि बाहेर कुणातच नाही, तो. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहावरची जी दीपिका आहे तिच्यात गाईचं उदाहरण येतं. 'तांबूस रंग' हे गाईचं लक्षण केलं तर पांढरी गाय सुटते. ती अव्याप्ती. 'शिंगं असणं' हे लक्षण केलं तर म्हैसही आत शिरते. ती अतिव्याप्ती. 'एकसंध खूर' म्हटलं तर एकही गाय हाती लागत नाही. तो असंभव. गळ्याखाली लोंबणारी पोळी हे मात्र बरोबर बसतं.

मोथ्याच्या कुळाचं सर्वांना ठाऊक असलेलं लक्षण म्हणजे तिधारी दांडा. नागरमोथ्याचा दांडा बोटांत फिरवा, तीन कडा स्पष्ट लागतात. गवताचा दांडा गोल असतो. पण हे आमचं रोप घ्या. (पुढच्या रांगेतल्यांनी जरा हात लावून बघा, मोडलं तरी चालेल.) खालच्या भागात हा दांडा जवळजवळ गोलच लागतो. वर, छत्रीच्या जरा खाली, बोथट तीन कडा जाणवतात. म्हणजे नुसतं 'तिधारी' एवढंच लक्षण धरून बसलो तर हेच रोप हातून निसटायचं. अव्याप्ती! मग दुसरी खूण घ्यायची: पेरं. ऊस, बांबू, ज्वारी ही सगळी गवताची मंडळी, आणि त्यांच्या दांड्याला पेरं असतात. याच्या दांड्यावर बुडापासून छत्रीपर्यंत एकही पेर नाही. तिसरी खूण आत आहे. पुष्कळ गवतांचे दांडे पेरांच्या मध्ये पोकळ असतात. हा आडवा कापला तर पांढऱ्या, स्पंजासारख्या गाभ्याने भरलेला दिसतो.

आणखी एक गंमत. ही जी पंधरा-वीस 'पानं' दिसतात ती खरी पानं नव्हेतच. फुलोऱ्याच्या बुडाशी असतात त्या पात्यांना मराठीत छद म्हणतात. हे छद आहेत. खरी पानं शोधायची तर खाली वाका. दांड्याच्या बुडाशी तपकिरी, कागदासारखी आवरणं दिसतात ना, ती पानं. त्यांचा फक्त आवरणापुरता भाग उरला आहे. अन्न तयार करायचं काम हिरवे दांडे आणि हे छद करतात. लिनियसने १७६७ मध्ये या वनस्पतीला 'आल्टर्निफोलियस' म्हटलं, म्हणजे एकाआड एक पानं असलेलं. १७७२ मध्ये रॉटबॉल या डॅनिश शास्त्रज्ञाने बागेतल्या या प्रकाराला 'इन्व्होल्युक्रॅटस' हे नाव दिलं, म्हणजे छदांचं मंडल असलेलं. काही जण हे दोन वेगळे मानतात, काही एकाच जातीचे उपप्रकार मानतात, आणि दोन्ही नावं वापरात आहेत. आम्हाला विचाराल तर रॉटबॉलचं नाव अधिक प्रामाणिक वाटतं. मूळचं हे आफ्रिका, मादागास्कर, अरबस्तान इकडचं. पाणथळ जागांचं आणि ओढ्यानदीच्या काठचं.

तर मग पाण्याचं काय? 'जास्त पाण्याने झाड मरतं' हे वाक्य आपण सगळे म्हणतो, पण पाणी काही विष नाही. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या फटींत हवा असते. त्या पाण्याने भरल्या की प्राणवायू मुळांपर्यंत पोचत नाही, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे १०,००० पट हळू पसरतो. म्हणजे मूळ बुडत नाही, गुदमरतं. मग ते कुजतं, आणि मुळं कुजल्यामुळे भरपूर पाण्यातही झाड तहानेने वाळतं. आपल्या या रोपाने तिथे वेगळी सोय केली आहे. तो स्पंजासारखा गाभा आठवा. त्यात आणि मुळांतही हवेच्या वाटा असतात. दांड्यातली हवा त्या वाटांनी खाली मुळांपर्यंत जाते. चिखलात उभं राहून हे वरून श्वास घेतं. एवढंच नव्हे, मुळांतून थोडा प्राणवायू भोवतालच्या चिखलातही झिरपतो. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी ज्या कृत्रिम पाणथळी बांधतात, त्यांत हे रोप लावतात त्यामागे हेही एक कारण आहे.

म्हणून याची निगा एका वाक्यात सांगायची तर कुंडीची माती कधीही सुकू द्यायची नाही. कुंडीखाली खोल थाळी ठेवा आणि त्यात दोन-तीन बोटं पाणी राहू द्या. एप्रिल-मेमध्ये आमच्या गच्चीवर ती थाळी सकाळी भरली तर संध्याकाळी कोरडी असते. घमेल्यात किंवा बिनभोकाच्या टबात लावलं तरी चालतं. एरवी कुंडीला भोक हवंच असं आपण शपथेवर सांगतो, ते इथे लागू नाही.

इथे ॲरिस्टॉटलची आठवण काढायला हरकत नाही. व्यवहारातलं शहाणपण नुसत्या सामान्य नियमांत नसतं, समोरच्या विशिष्ट गोष्टीची जाण त्यात लागते, असं तो म्हणतो. आम्ही हे वर्गात किती वर्षं शिकवलं! पण पुढे त्याच विशिष्ट गोष्टीच्या प्रेमात आम्ही एवढे पडलो की दुसरीकडे बघायचं राहिलं.

दुसरं रोप आम्ही शेजाऱ्यांकडून एक गड्डा मागून लावलं. ते जोमाने वाढलं, कंबरेच्या वर गेलं. आता लक्षण समजलं होतं, त्यामुळे थाळी सदा भरलेली. पावसाळा संपता संपता तळमजल्यावरच्या बिऱ्हाडातला नववीतला मुलगा तापाने फणफणला. डेंग्यू निघाला. दोन दिवसांनी आरोग्य खात्याच्या ताई घरोघर तपासायला आल्या. आम्ही त्यांना कौतुकाने गच्चीवर नेलं, रोप दाखवलं. त्यांनी काही न बोलता थाळीत टॉर्च मारला. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

त्याच थाळीतला डास त्या मुलाला चावला, हे सिद्ध करता येत नाही. कार्यकारणभावावर आम्ही सत्रभर व्याख्यानं दिली आहेत, त्यामुळे हे कसं सिद्ध होत नाही ते आम्हाला फार चांगलं सांगता येतं. दोन दिवस आम्ही त्या युक्तिवादाच्या आड बसलोही. मग मंडळी म्हणाल्या, "सिद्ध होवो न होवो, तुम्ही खाली जाऊन या." गेलो. मुलगा बरा होऊन घरी आला होता. त्याच्या आई म्हणाल्या, "सर, आमच्या कूलरमध्येही पाणी होतं हो." त्यांचा मोठेपणा. आम्हाला त्यावर काही बोलता आलं नाही.

तेव्हा हा भाग जरा लक्ष देऊन ऐका. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घराभोवतीच्या साचलेल्या पाण्यात वाढतो. नाला, गटार त्याला लागत नाही, कुंडीखालची थाळी पुरते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्याकडच्या हवेत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा असं सांगतात. आता अडचण अशी की या रोपाला कोरडं ठेवता येत नाही. पण नीट पाहिलं तर अडचण खरी नाही. कोरडी व्हायची आहे ती थाळी, माती नव्हे. आठवड्यातून एक वार ठरवा. त्या दिवशी कुंडी उचला, थाळी मातीवर किंवा उन्हात ओता आणि आतून घासा. नुसतं ओतून भागत नाही. एडिस आपली अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवतो, आणि ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. पुन्हा पाणी आलं की फुटतात. म्हणून काथ्याने किंवा ब्रशने कडा घासायच्या. मग ताजं पाणी भरायचं. या पंधरा मिनिटांत रोपाचं काही बिघडत नाही, माती ओलीच असते.

थाळीत जाडी वाळू किंवा खडी भरून पाण्याची पातळी तिच्या खाली ठेवली तर आणखी बरं. मुळांना ओल मिळते आणि डासाला उघडं पाणी मिळत नाही. मोठा टब किंवा हौद असेल तर त्यात गप्पी मासे सोडा. अळ्या हे त्यांचं आवडतं खाणं. आम्ही आता वाळू आणि रविवार असं दोन्ही करतो. गावाला जायचं असलं की किल्ली तळमजल्यावर त्याच ताईंकडे देतो, आणि त्यांचा मुलगा वर येऊन थाळी घासतो. तो आता इंजिनिअरिंगला आहे.

बाकीची निगा सोपी आहे, भराभर सांगतो. सकाळचं तीन-चार तास ऊन मिळालं तर उत्तम. पाणी भरपूर असेल तर दिवसभराचं ऊनही सोसतं. अंधाऱ्या कोपऱ्यात दांडे लांबट, लेचेपेचे होतात आणि आडवे पडतात. माती पाणी धरणारी हवी. काळी माती, थोडी वाळू, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. कच्चं शेण मात्र घालू नका. सतत ओल्या मातीत ते नासतं आणि घरात वास सुटतो. टबात लावलंत तर मातीवर खडीचा थर द्या, नाहीतर माती तरंगते. पात्यांची टोकं तपकिरी झाली तर आधी तहान तपासा. तहान नसेल तर बोअरिंगचं क्षाराचं पाणी हे कारण असू शकतं. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसत असेल तर समजा. पावसाचं पाणी साठवून घातलं की फरक पडतो (तेही झाकून साठवा, आता सांगायला नको). पिवळे झालेले दांडे मधेच छाटू नका, अगदी बुडाशी कापा. दांड्याला पेर नसल्याने अर्ध्यावर कापलेला दांडा पुन्हा फुटत नाही, नवा कोंब जमिनीतूनच येतो. वर्ष-दोन वर्षांत जमिनीखालचं आडवं खोड कुंडी भरून टाकतं. प्लॅस्टिकची कुंडी फुगते, मातीची कधी तडकते. तेव्हा गड्डा बाहेर काढून सुरीने दोन-तीन भाग करायचे.

पण खरी मजा नवीन रोप करण्यात आहे. गुलाबाची, जास्वंदाची फांदी आपण खालची बाजू खाली ठेवून लावतो. इथे उलटं करायचं. छत्रीखाली दोन-तीन बोटं दांडा ठेवून ती कापा. सगळे छद कात्रीने अर्धे करा, म्हणजे पाण्याची वाफ कमी होते. मग छत्री उलटी करून, दांडा वर आणि छत्री पाण्यात, अशी वाटीत तरंगत ठेवा. पाणी दर दोन दिवसांनी बदला. दोन ते चार आठवड्यांत छदांच्या बेचक्यांतून पांढरी मुळं आणि इवल्या छत्र्या फुटतात. आमच्या मंडळींना आम्ही विचारलं, हे उलटं का? त्या म्हणाल्या, "पुरात लव्हाळी आडवी होते तेव्हा डोकं कुठे टेकतं?" तेच उत्तर आहे. काठावरचा दांडा वाकतो, छत्री चिखलाला किंवा पाण्याला लागते आणि तिथे नवं रोप धरतं. लव्हाळी म्हटलं की आपल्याला तुकोबा आठवतात, पुरात वाचणारी ती. ती नुसती वाचत नाही, पडल्या जागी वाढते, ही पुढची गोष्ट आम्हाला त्या वाटीत दिसली.

आणि याच गुणामुळे एक पथ्य आहे. छाटलेल्या छत्र्या, जास्तीचे गड्डे ओढ्यात, तलावात, विसर्जनाच्या घाटावर टाकू नका. हे परदेशी रोप आहे. ऑस्ट्रेलियात, हवाईत ते बागेतून निसटून पाणथळींत पसरलं आहे, आणि आपल्याकडेही नाल्यांच्या काठी आपोआप उगवलेलं दिसतं. त्याचा भाऊ नागरमोथा जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांत पहिल्या क्रमांकावर गणला गेला आहे, हे विसरू नका. छाटण उन्हात पूर्ण वाळवायचं आणि मग खतात घालायचं.

वेळ होत आली. येताना आम्ही बारा छत्र्या कापून आणल्या आहेत, बाहेर पुस्तकांच्या टेबलाशेजारी ओल्या फडक्यात ठेवल्या आहेत. ज्यांना हव्या त्यांनी न्या. फक्त टेबलावर एक वही आहे, तिच्यात आपलं नाव आणि थाळी घासायचा वार लिहून मग छत्री उचला. रविवार आमचा आहे, पण तो घेतलात तरी चालेल.